अगोदरचा हात

राहात्याहून शिर्डीकडे निघालं की रस्त्याच्या कडेने पेरू विकणाऱ्या बायका बसलेल्या दिसतात. त्यांची रांग संपते तिथे एक दुमजली इमारत आहे. खाली औषधांचं दुकान आणि रक्त तपासायची लॅब, वर आमचं केंद्र. पाटीवर लांबलचक नाव आहे, पण रिक्षावाले त्याला 'पट्ट्याचा दवाखाना' म्हणतात. मी, ज्ञानेश्वरी वाकचौरे, तिथे फिजिओथेरपिस्ट आहे. ज्यांचा तोल गेला आहे त्यांना पुन्हा उभं करणं हे माझं काम.

हॉल लांबट आहे. एका बाजूच्या खिडक्यांतून पेरूची बाग दिसते, दुसऱ्या बाजूने हायवे. काकडीच्या विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की काचा थरथरतात आणि नवीन पेशंट घाबरून वर बघतो. जुने बघत नाहीत.

हॉलच्या मधोमध पट्टा आहे. एक चौकोनी लोखंडी चौथरा, त्यावर उभं राहिलं की वजन कुठल्या पायावर किती पडतंय, टाचेवर की चवड्यावर, ते कॉम्प्युटरला कळतं. वरून एक जाळीचं जाकीट लोंबतं. ते अंगात घातलं की माणूस कितीही झुकला तरी खाली पडत नाही. आणि कमरेला तो पट्टा. पट्ट्यापासून चार बारीक तारा चार कोपऱ्यांतल्या खांबांकडे जातात, प्रत्येक खांबात एक मोटर. कॉम्प्युटर मधूनच एखादी तार ओढतो. कधी ओढणार, कुठल्या बाजूला ओढणार, हे पेशंटला माहीत नसतं, मलाही नसतं. ओढ फार नसते. बाजारात कुणी खांदा घासून गेला तर जेवढा धक्का बसेल तेवढीच. पण तेवढ्यानेसुद्धा माझे पेशंट कोलमडतात, आणि पुन्हा पुन्हा सावरता सावरता शिकतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ओढ बसली की शरीराला ते समजायला वेळ लागतो. तळव्यांना, घोट्यांना, कानाच्या आतल्या छोट्या नळ्यांना आधी जाणवतं, मग निरोप मेंदूकडे जातो, मग पोटऱ्या आवळतात. हा वेळ पापणी लवण्याइतकाच असतो, पण असतो. धडधाकट पैलवानालाही तो लागतो. ओढीच्या आधी कुणीच सावरू शकत नाही, कारण कुठल्या बाजूला सावरायचं हेच तोवर ठरलेलं नसतं.

नूरमहंमदभाई थंडीत आले. ते शेवगावचे मणेर. आसपासच्या आठवडे बाजारांत बांगड्यांचं दुकान मांडायचं, बायकांच्या हातांत बांगड्या भरायच्या, हाच त्यांचा धंदा. मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी झाली आणि त्यांचा तोल गेला. हातापायांत ताकद होती, बोलणं स्वच्छ होतं, पण उभं केलं की दारू प्यायल्यासारखे डोलायचे. आयुष्यात कधी दारूला न शिवलेला माणूस, त्यामुळे त्यांना त्याची फार लाज वाटायची. उपचारासाठी ते राहात्यात बहिणीकडे राहिले होते. त्यांची सून शकिला त्यांना रोज घेऊन यायची आणि खिडकीपाशी बसून बघत राहायची.

सुरुवातीला ते प्रत्येक ओढीला जाकिटात लटकायचे.

"हे काय मशीन म्हनायचं का, म्याडम," ते म्हणायचे. "पडलेल्याला आनखी पाडतंय."

"पाडत नाही, भाई. सवय लावतंय."

मी त्यांच्या मागे उभी राहायचे, हात त्यांच्या पाठीपासून बोटभर लांब. आमच्या कामात हात लावणं सोपं असतं. पेशंटला कळू न देता तो काढून घेणं अवघड. आधी घट्ट धरायचं, मग सैल, मग नुसता स्पर्श, मग नुसती ऊब. एके दिवशी तो माणूस एकटाच उभा असतो आणि त्याला वाटतं आपल्याला कुणीतरी धरलंय. तिथे आमचं काम संपतं.

मकर संक्रांतीच्या सुमाराला नूरमहंमदभाई पडायचे थांबले.

हळूहळू सुधारले असते तर मला नवल वाटलं नसतं. पण काल लटकत होते आणि आज खांबासारखे उभे. मी टाळ्या वाजवल्या. शकिलाने डोळे पुसले. ते स्वतः मात्र गोंधळल्यासारखे दिसले, मान किंचित वळवून मागे बघत होते.

ते गेल्यावर मी आलेख उघडला. कॉम्प्युटर प्रत्येक ओढ एका रेषेने दाखवतो आणि शरीराचं सावरणं दुसऱ्या रेषेने. आधी ओढीची रेष उसळी घेते, मागोमाग सावरण्याची. नेहमी असंच. त्या दिवशी सावरण्याची रेष आधी होती. उजवीकडे ओढ बसण्याच्या थोडं आधी भाई डावीकडे कलले होते. पुढे ओढ बसण्याच्या आधी मागे. एकदाही चुकले नव्हते.

मोटरचा आवाज ऐकू येत असेल, मी स्वतःला म्हटलं. तार ताणली जाताना पट्टा कमरेला सांगत असेल. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि बाजारातल्या गर्दीचा आवाज लावून दिला. तरीही तेच झालं.

"भाई, कसं काय कळतं तुम्हाला?" मी विचारलं.

"काय?"

"कुठल्या बाजूला ओढणार ते."

"मला कुटं कळतंय? तो कलवतो."

"तो कोण?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आपली कुणी चेष्टा करतंय का, असं पाहतात तसं. "तुमीच मानूस ठेवलाय न्हवं मागं? पाठीला हात लावतो. जिकडं कलवतो तिकडं कलायचं, की झटका पचतो. तुमी सांगितलं आसल त्याला."

मी त्यांच्या समोर उभी होते. शकिला खिडकीत होती. हॉलमध्ये आणखी कुणी नव्हतं.

"हात कसा आहे?" मी विचारलं. का विचारलं, मला ठाऊक नाही.

"गार हाय. मऊ हाय." त्यांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली. "म्याडम, पन्नास वर्सं हात धरलेत मी. नव्या नवरीचे, म्हाताऱ्यांचे, खुरपनाऱ्या बायांचे. ह्यो हात कसला हाय ते मला सांगता येत न्हाई. बाईचा बी न्हाई, बाप्याचा बी न्हाई."

शकिला उठून आली. "अब्बा, चला," एवढंच म्हणाली, आणि त्यांचं जाकीट तिनेच सोडवलं.

पट्टा बनवणारा ओंकार पुण्यात असतो. आम्ही एकाच वर्षी शिकायला होतो. तो यंत्रांकडे गेला, मी माणसांकडे. मी त्याला सगळे आलेख पाठवले. त्याचा फोन आला तेव्हा तो हसत होता.

"अगं, प्रोग्रॅममध्ये गडबड असणार. कॉम्प्युटरचं 'अचानक' खरं अचानक नसतं. काहीतरी ठरावीक क्रम बनतो आणि म्हाताऱ्याने तो पकडलाय. हुशार माणूस आहे."

"मग काय करायचं?"

"कॉम्प्युटरला बाजूला काढू. उद्या मीच इथून बटणं दाबतो. मनाला येईल ती बाजू, मनाला येईल तेव्हा. मला तुमचा हॉल दिसणार नाही, फक्त बटणं. बघू कसा ओळखतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते केलं. फोन स्पीकरवर ठेवला होता. बाहेर उसाची ट्रॉली गाणं वाजवत चालली होती, ती जाईपर्यंत थांबलो. मग मी म्हणाले, "हं."

नूरमहंमदभाई डोळे मिटून उभे होते. ते डावीकडे कलले आणि ओढ उजवीकडे बसली. ते मागे रेलले आणि ओढ पुढे बसली. मी नुसती बघत होते. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर, डाव्या बाजूला, कापड आत दबल्यासारखं दिसलं. जाकिटाची जाळी असेल. मी पुढे झाले नाही.

मग बराच वेळ ओढ आली नाही. भाई उजवीकडे कललेले होते, तसेच थांबून. स्पीकरवर ओंकारच्या श्वासाचा आवाज येत होता. एकदम भाई सरळ झाले आणि डावीकडे कलले. त्यानंतर उजवीकडची तार ओढली गेली.

"ओंकार?"

"थांबवूया," तो म्हणाला.

"काय झालं?"

"शेवटचं ते... मी डावीकडचं बटण दाबणार होतो. बोट त्याच्यावरच होतं. मग म्हटलं, फसवू या याला. आणि उजवीकडचं दाबलं. तो कधी वळला?"

मी आलेख बघितला. खरं तर बघायची गरज नव्हती.

"तू दाबायच्या आधी."

"किती आधी?"

मी सांगितलं.

"तेव्हा मी अजून ठरवलंच नव्हतं, ज्ञानेश्वरी," ओंकार म्हणाला.

त्यानंतर त्याने बरेच दिवस फोन केला नाही.

मी कुणालाच काही बोलले नाही. डॉक्टरांना काय सांगणार होते? की पेशंट बरा होतोय, लवकर होतोय, आणि म्हणून मला भीती वाटते? नूरमहंमदभाई आता हॉलभर एकटे चालत होते, जिन्यावरून उतरत होते. शकिला सांगायची की अब्बांनी स्वतःचा चहा स्वतः आणला, कप सांडला नाही. हे खोटं नव्हतं. मी रोज घरी जाताना स्वतःला हेच सांगायचे.

त्याच सुमाराला गोजरबाई यायला लागल्या. नूरमहंमदभाईंना त्या कधी भेटलेल्या नव्हत्या. त्या अस्तगावकडच्या. पेरूच्या बागेत फांदीवरून पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं. पण मनात भीती बसली ती बसली. जमिनीवर पाय टेकवला की गुडघे थरथरायचे. मुलगा पुण्याला होता आणि आईने तिकडेच यावं म्हणून मागे लागला होता.

"मला न्हाई जायचं, ताई," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तितं समदीकडं फरशी. बसून ऱ्हा, टीव्ही बघ. मला माज्या बागंत हुबं ऱ्हायाचंय. न्हाई जमलं तर पोरगा बाग इकनार हाय."

"जमेल, मावशी."

"बगा. तुमच्या जिवावर हाय मी."

पट्ट्यात त्या पहिले काही दिवस ओरडायच्या. मी मागे उभी राहून त्यांना धरायचे. मग एका सकाळी मी टॅबलेट घेऊन त्यांच्या समोर, चांगली चार पावलं लांब उभी होते, आणि त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा हात लई गार पडलाय वो. थंडी वाजती का?"

मी टॅबलेट खाली ठेवला. माझे दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले.

गोजरबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे बदलले. तेवढ्यात त्या डावीकडे कलल्या, आणि उजवीकडची तार ओढली गेली, आणि त्या पडल्या नाहीत.

"कोन का असंना," त्या जरा वेळाने हळू आवाजात म्हणाल्या. "धरतंय न्हवं."

मग इतरांकडून कळायला लागलं. कुणी बोलून दाखवलं, कुणी नाही. एक निवृत्त मास्तर होते, ते फक्त सेशन संपल्यावर मागे वळून किंचित मान लववायचे, आभार मानल्यासारखी. मी आलेख बघायचं सोडून दिलं.

महाशिवरात्रीच्या आधी ओंकार स्वतः आला. दाढी वाढलेली होती. त्याने सगळा पट्टा खोलला, मोटर बदलल्या, तारा बदलल्या, चौथऱ्याखालची धूळ झाडली. काही सापडलं नाही. मग म्हणाला, "मला बांध."

दुपारभर तो पट्ट्यात उभा राहिला आणि मी समोर. मग मी उभी राहिले आणि तो समोर. प्रत्येक ओढीला आम्ही डगमगलो, सावरलो. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, ओढीनंतर. पाठीला काही लागलं नाही.

"आपल्याला गरज नाही म्हणून असेल," मी म्हणाले.

"गरज कुणाला आहे हे कोण ठरवतं?" ओंकारने विचारलं. त्याने पट्टा सोडवला आणि कमरेवरचा घाम पुसला. "तू कधी पेशंटला सांगतेस का, मी आता हात काढला म्हणून?"

"नाही."

"तसंच कुणी आपल्याला सांगत नसेल. हात आहे की नाही ते."

खाली पेरूवाल्या बायकांशी हुज्जत घालत त्याने एक पिशवी भरून पेरू घेतले आणि पुण्याला गेला. जाताना नेहमीसारखाच दिसला. मला बरं वाटलं.

नूरमहंमदभाई शेवगावला परतले. गोजरबाई अस्तगावला गेल्या. मुलाने बाग विकायचा विषय काढायचं बंद केलं. मी एकदा तिकडून जात असताना त्या मला दुरून दिसल्या, झाडांच्या ओळींमधून काठी न घेता चालत होत्या, ढेकळांत पाऊल नीट टाकत. मी गाडी थांबवून थोडा वेळ बघत राहिले. एवढंच तर हवं होतं त्यांना.

मग शकिलाचा फोन आला.

"मॅडम, अब्बा आज सकाळपासून वाकडे बसले होते," ती म्हणाली. "बाजारात दुकान मांडलं तेव्हापासून. मी म्हटलं, नीट बसा, पुन्हा झटका आला का काय. तर म्हणाले, मी न्हाई बसलो, मला बसवलंय."

"मग? आता कसे आहेत?"

"दुपारी एका टेम्पोवाल्याने रिव्हर्स घेतला. त्याला मागचं दिसलंच नाही. आमचा खांब उडाला, ताडपत्री पडली. शेजारच्या भांडेवाल्याचा पाय मोडला, मॅडम. सगळ्या बांगड्या फुटल्या. अब्बांना टेम्पो घासून गेला. पण ते जागचे हलले नाहीत. टेम्पोच्या बाजूला कललेलेच होते ना सकाळपासून."

"लागलं नाही ना कुठे?"

"काहीच नाही. लोक म्हणतात, मालकाची मेहेरबानी. मॅडम, मला आनंद व्हायला पाहिजे ना?"

मी तिला काहीतरी समजावलं. फोन ठेवल्यावर मी हॉलमध्ये तशीच उभी राहिले. पट्टा रिकामा होता, तारा सैल होत्या.

मी हिशेबी बाई आहे. कुठलीही गोष्ट समोर आली की तिचं माप काढायची मला सवय आहे. चौथऱ्यावरची ओढ म्हणजे खांदा घासल्याएवढी. त्यासाठी हात पापणी लवण्याइतका आधी येत होता. टेम्पोचा धक्का केवढा तरी मोठा. त्यासाठी हात सकाळीच आला. धक्का जितका मोठा, तितका हात आधी येतो. एवढं साधं गणित होतं. ते सुटलं म्हणून मला समाधान वाटलं, हेही खरं सांगायला हवं. त्या दिवशी मी शांत झोपले.

होळीच्या दोन-तीन दिवस आधी मास्तर तपासणीला आले. खुर्चीत बसले तेव्हा मला वाटलं खुर्चीचा पाय मोडलाय. ते बागेकडच्या बाजूला कललेले होते. उभं केलं, तरी तसेच. पाय भक्कम, नजर स्थिर, पडण्याचं नाव नाही, फक्त सगळं अंग एका बाजूला.

"दुखतं का कुठे, सर?"

"नाही हो. उलट असंच बरं वाटतं." त्यांनी बागेकडे मान वळवली. "सरळ झालो की अस्वस्थ होतं. कुणी रागावल्यासारखं."

मी अस्तगावला गेले. गोजरबाई बागेत होत्या. झाडाखाली उभ्या राहून फळं चाचपत होत्या, आणि कललेल्या होत्या. वाऱ्याच्या विरुद्ध चालताना माणूस अंग पुढे टाकतो तशा. वारा नव्हता. एक पानही हलत नव्हतं.

"मावशी, कधीपासून?"

"चार रोज झालं आसतील." त्यांनी माझ्याकडे वळायचा प्रयत्न केला. अंग वळलं, पण कल त्याच बाजूला राहिला. आधी पुढे होता, आता त्या माझ्याकडे तोंड करून मागे रेलल्यासारख्या दिसल्या. "सोडंना झालाय. दिसभर धरून बसलाय. राती झोपले तरी त्या कुशीवरच वळवतो."

"भीती वाटते?"

"मला न्हाई वाटत. त्याला वाटती, ताई. हात कापतो त्येचा."

मी मोबाईलवर दिशा बघितली. गोजरबाई पूर्वेकडे कललेल्या होत्या. मास्तरांची खुर्ची मला आठवली, बागेकडची खिडकी आठवली. तीही पूर्वच.

घरी यायच्या आधीच मी गाडी रस्त्याकडेला घेऊन शेवगावला फोन लावला.

"शकिला, अब्बा कसे आहेत?"

मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं.

"कुठल्या बाजूला कललेत?"

"बाजू म्हणजे काय सांगू, मॅडम... सूर्य उगवतो ना, तिकडे. मी बिछाना फिरवून बघितला. तरी तिकडेच."

होळी झाली. पाडवा झाला. उन्हाळा चढला, उसाच्या ट्रॉल्या बंद झाल्या, पेरूवाल्या बायकांच्या जागी कलिंगडवाले बसायला लागले. माझ्या पेशंटांपैकी ज्यांनी ज्यांनी पट्टा बांधला होता ते सगळे पूर्वेकडे कललेले होते, आणि दर आठवड्याला थोडे आणखी. कुणाचं काही दुखत नव्हतं. कुणी पडत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, डोक्याचे स्कॅन केले, सगळं नॉर्मल आलं. घरच्यांना त्याची सवय होत चालली होती. मास्तरांच्या सुनेने त्यांच्या ताटाखाली पाट ठेवायला सुरुवात केली होती, म्हणजे आमटी सांडत नाही.

कल पूर्वेकडे म्हणजे ओढ पश्चिमेकडे बसणार, म्हणून मी पश्चिमेकडे बघायला शिकले. काय असेल तिकडे? संगमनेर, मग माझं गाव अकोले, कळसूबाई, घाट, आणि घाटाखाली सगळं. रोज सकाळी पेपर आला की मी आधी त्या बाजूच्या बातम्या वाचायचे. काही नसायचं. पाण्याची टंचाई, लग्नांच्या जाहिराती.

गणित मी पुन्हा मांडून पाहिलं नाही. टेम्पोसाठी एक सकाळ पुरली होती.

ओंकारला मी हे काही कळवलं नव्हतं. तोही बोलला नव्हता. शेवटी एका रविवारी संध्याकाळी, आई देवापाशी दिवा लावत असताना, मी त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने लगेच उचलला, जणू हातातच फोन होता.

"ओंकार, ऐक. पेशंटांचं काहीतरी विचित्र..."

मी थांबले. तो स्क्रीनवर तिरका दिसत होता.

"मोबाईल आधी सरळ धर ना," मी म्हणाले.

त्याने मोबाईल हलवला नाही. त्याच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं. कपाटाच्या कडा, शेजारची दाराची चौकट, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं ताठ सरळ उभं होतं.

"मी तुला तेच सांगणार होतो," ओंकार म्हणाला.

मला काही क्षण कळलं नाही. मग मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या माझ्या छोट्या चौकटीकडे पाहिलं.

मी खुर्चीत सरळ व्हायला गेले. पाठीला, डाव्या बरगडीच्या जरा खाली, काहीतरी गार टेकलं. त्याने मला हळूच, घाई न करता, पुन्हा होते तिथे नेऊन ठेवलं. मग ते तसंच तिथे राहिलं, आणि थरथरत होतं.